बुडालेल्या आगबोटीचे नाव

बुडालेल्या कंपनीचे नाव कोणी आपल्या नव्या दुकानाला देत नाही. व्यवहारी माणूस असे नाव अपशकुनी मानतो, ज्यांचे पैसे बुडाले ते त्या नावाने बोटे मोडतात, आणि एक पिढी उलटली की ते नाव फक्त कोर्टाच्या दप्तरात उरते. असे असताना १९९८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या दोन काळ्या तरुणांनी पाऊणशे वर्षांपूर्वी दिवाळे निघालेल्या एका आगबोट कंपनीचे नाव आपल्या जोडीसाठी घेतले. मोस डेफ आणि तालिब क्वेली हे ते तरुण. त्यांच्या जोडीचे नाव ‘ब्लॅक स्टार’, म्हणजे काळा तारा. २९ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचा ‘मोस डेफ अँड तालिब क्वेली आर ब्लॅक स्टार’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. या अल्बमकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहावे, असे मला वाटते. मनोरंजनाच्या सदरात त्याचा बंदोबस्त करून आपण मोकळे झालो, तर त्यातला आपल्या कामाचा प्रश्न हातून निसटेल. तो प्रश्न असा: शोषित समाजाने आपल्या फसलेल्या प्रयत्नांचे काय करायचे?

आधी ती आगबोट कंपनी. मार्कस गार्वे हा जमैका बेटावरचा. जन्म १८८७ चा. व्यवसायाने छापखान्यातला कामगार. खिळे जुळवता जुळवता त्याला शब्दाची ताकद कळली. १९१४ साली त्याने जमैकात जगभरच्या काळ्या लोकांची एक संघटना स्थापन केली, आणि मार्च १९१६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातला आपला अभ्यास आटोपून तरुण भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कहून लंडनला गेले. १९१८ मध्ये गार्वेने ‘निग्रो वर्ल्ड’ हे साप्ताहिक काढले आणि जून १९१९ मध्ये ‘ब्लॅक स्टार लाइन’ या आगबोट कंपनीची नोंदणी केली.

आगबोटच का? दुकान का नाही, बँक का नाही? याचे उत्तर त्या समाजाच्या रक्तात होते. त्यांचे पूर्वज जहाजातून आले होते, पण उतारू म्हणून नव्हे, माल म्हणून. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना अटलांटिक महासागरावर जहाजात कोंबण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले आफ्रिकी गुलाम उतरवले गेले. त्याला बरोबर तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९१९ साली, त्याच समाजातले लोक स्वतःच्या मालकीचे जहाज घ्यायला निघाले होते. ते वर्षही कसले? पहिल्या महायुद्धावरून परतलेले काळे सैनिक गणवेशासह मारले जात होते, शिकागोपासून वॉशिंग्टनपर्यंत गोऱ्या जमावांनी काळ्या वस्त्यांवर हल्ले चढवले होते. त्या उन्हाळ्याला ‘लाल उन्हाळा’ असेच नाव पडले आहे.

कंपनीचा एक शेअर पाच डॉलरचा होता. एका माणसाला दोनशेहून जास्त शेअर घेता येत नसत. ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण कोणा एका धनिकाने येऊन कंपनी गिळू नये, हा हेतू त्यात दिसतो. शेअर घेणारे कोण होते? घरकाम करणाऱ्या बाया, धुणी धुणाऱ्या, हमाल, आचारी, पनामा आणि क्युबातले मजूर. भाकरीतला तुकडा काढून त्यांनी हा कागद विकत घेतला. ‘यार्मथ’ ही पहिली बोट १,६५,००० डॉलरला घेतली गेली. तीही १८८७ सालीच बांधलेली, म्हणजे गार्वेच्या वयाची, थकलेली. किंमत तिच्या लायकीच्या कितीतरी पट होती. पण नोव्हेंबर १९१९ मध्ये काळ्या कप्तानाच्या हाताखाली ती न्यूयॉर्कहून निघाली तेव्हा धक्क्यावर लोटलेल्या हजारो माणसांना तिचे वय दिसत नव्हते. त्यांना सुकाणूवरचा हात दिसत होता.

पुढे जे घडले ते दुःखद आहे, आणि ते झाकून उपयोग नाही. बोटी जुनाट होत्या, दुरुस्तीत पैसा आटत होता, अनुभवी माणसे नव्हती, काही जवळच्यांनीच हात मारला. ‘शेडी साइड’ ही बोट हडसन नदीत बुडाली, ‘कनावा’ क्युबात सोडून द्यावी लागली, ‘यार्मथ’ भंगाराच्या भावात गेली. १९२२ मध्ये कंपनीचे काम थांबले. सरकार टपूनच बसले होते. पुढे एफ.बी.आय.चा सर्वेसर्वा झालेला जे. एडगर हूवर १९१९ पासूनच गार्वेला अडकवण्याचे निमित्त शोधत होता. अखेर टपालाचा वापर करून गुंतवणूकदारांची फसवणूक केली, असा खटला गार्वे आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांवर भरला गेला. १९२३ मध्ये तिघे सुटले, एकट्या गार्वेला शिक्षा झाली. ज्या एका आरोपावर ती झाली त्याचा पुरावा काय होता? कंपनीचा शिक्का असलेले एक रिकामे पाकीट. आत काय होते हे कोणालाही दाखवता आले नाही. १९२५ मध्ये तो तुरुंगात गेला, १९२७ मध्ये त्याची शिक्षा कमी करून त्याला देशाबाहेर काढण्यात आले आणि १९४० मध्ये लंडनमध्ये तो वारला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती १९ जानेवारी २०२५ रोजी, मृत्यूनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी.

गार्वेला देव करण्याचे कारण नाही. वंशशुद्धीच्या त्याच्या कल्पना घातक होत्या. १९२२ मध्ये तो कू क्लक्स क्लान या खुनी संघटनेच्या म्होरक्याला जाऊन भेटला, ही गोष्ट त्याच्या निष्ठावंतांनाही पचली नाही. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या थोर काळ्या विचारवंताने १९२४ मध्ये त्याला वेडा किंवा गद्दार ठरवले. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांच्याशी १९४६ साली बाबासाहेबांनी पत्रव्यवहार केला. ड्यू बॉइस यांचा राग समजण्यासारखा आहे. पण धुणी धुणाऱ्या बाईने पाच डॉलर का दिले, याचा उलगडा केवळ गार्वेच्या दोषांची यादी करून होत नाही. तिने विकत घेतलेली वस्तू बोटीपेक्षा मोठी होती.

आता १९९८ कडे येऊ. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीतल्या पार्टीत झाला, असे मानले जाते. त्या पार्टीत तबकड्या वाजवणारा कूल हर्क हा जमैकातूनच आलेला. म्हणजे गार्वे ज्या बेटावरून आला, त्याच बेटावरची मोठमोठे कर्णे लावून रस्त्यात गाणी वाजवण्याची आणि त्यावर बोलण्याची रीत हर्कबरोबर आली. जमैकातले रास्ताफारी पंथाचे लोक गार्वेला प्रेषित मानतात आणि तिथल्या रेगे संगीतात त्याचे नाव सतत येत राहिले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाने ज्याला फसव्या म्हणून बाजूला टाकले, त्याला गाण्याने सांभाळून ठेवले. ब्रुकलिनच्या दोन पोरांपर्यंत हे नाव आले ते कोर्टाच्या निकालपत्रातून आलेले नाही.

ही पोरे कोण? मोस डेफचे मूळ नाव दांते स्मिथ. जन्म १९७३ चा. पुढे त्याने यासीन बे हे नाव घेतले. तालिब क्वेलीचा जन्म १९७५ चा. त्याची आई ब्रुकलिनच्या मेडगर एव्हर्स महाविद्यालयात इंग्रजीची प्राध्यापिका. १९६३ मध्ये ज्याचा खून झाला त्या नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्याचे नाव या महाविद्यालयाला दिलेले आहे. म्हणजे क्वेली पुस्तकांच्या घरात वाढला. तो ब्रुकलिनमधल्या ‘नकिरू बुक्स’ या काळ्या लोकांच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरीला होता. पुढे ते दुकान अडचणीत आले तेव्हा या दोघांनी ते विकत घेतले आणि त्याचे शिक्षण व संस्कृती केंद्र केले. तेही पुढे बंद पडले. ही बारीक गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. कंपनीचे नाव घेणाऱ्यांनी कंपनीचे दुखणेही अंगावर घेतले होते.

‘अंडरग्राउंड’ हिप-हॉप असा शब्द या अल्बमसाठी वापरला जातो. भूमिगत म्हटले की आपल्याला बेचाळीसचे प्रतिसरकार आठवते. येथे अर्थ वेगळा आहे. पोलिसांपासून लपलेले नव्हे, तर बड्या कंपन्यांच्या आणि रेडिओच्या बाजारपेठेबाहेरचे, असा तो अर्थ आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एकाच मालकाला वाटेल तितकी रेडिओ केंद्रे विकत घेता येऊ लागली. गावोगावची केंद्रे मोजक्या हातांत गेली आणि सगळीकडे तीच ती गाणी वाजू लागली. त्यांत सोन्याच्या साखळ्या, मोटारी आणि पिस्तुले होती. काळ्या माणसाची हीच प्रतिमा बाजाराला हवी होती, कारण ती गोऱ्या गिऱ्हाइकाच्या जुन्या समजुतीला धक्का न लावता विकता येत होती. त्यातच सप्टेंबर १९९६ मध्ये तुपाक शकूर आणि मार्च १९९७ मध्ये ब्रुकलिनचाच नोटोरियस बी.आय.जी. हे दोन मोठे रॅपर गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या तबकड्या आणखी खपल्या. मारणारा काळा, मरणारा काळा आणि गल्ला दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होता.

‘ब्लॅक स्टार’चे ‘डेफिनिशन’ हे गाणे या दोन मृत्यूंवर उभे आहे. ते बांधले आहे बूगी डाउन प्रॉडक्शन्स या गटाच्या जुन्या गाण्यावर. त्या गटाचा एक संस्थापक स्कॉट ला रॉक हाही १९८७ मध्ये गोळीनेच मेला होता. जुन्या तबकडीतला तुकडा उचलून त्यावर नवे शब्द घालण्याची ही रीत हिप-हॉपचा पाया आहे. आपल्याला ती परकी वाटू नये. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात गणेशवंदनेच्या जागी नवा विचार ठेवला. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली ती लोकांच्या तोंडी असलेल्या चालींच्या जोरावर. जुनी चाल ऐकताच श्रोत्याला जुने शब्द आठवतात आणि नव्या शब्दांशी त्यांची गाठ पडते. ‘डेफिनिशन’ ऐकणाऱ्याला १९८७ चा खून आठवावा आणि १९९७ चा खून त्याच्या शेजारी दिसावा, अशी ही योजना आहे. याला मी इतिहासलेखनच म्हणेन.

‘चिल्ड्रन्स स्टोरी’ या गाण्यात हीच रीत आहे. स्लिक रिक या रॅपरच्या जुन्या गाण्यात दरोडे घालणाऱ्या पोराची गोष्ट होती. मोस डेफने तोच साचा घेतला, पण चोर बदलला. त्याच्या गोष्टीतला चोर इतरांच्या चाली चोरून पैसा करणारा संगीतकार आहे. ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ हे गाणे ‘काळा’ या शब्दाचेच अर्थ धुंडाळते. जगाने ज्या शब्दात कलंक भरला तो शब्द रिकामा करून त्यात आपल्या जगण्यातल्या वस्तू भरायच्या, असा तो उद्योग आहे. ‘दलित’ हा शब्द आपल्या लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी कसा हाती घेतला, हे या पानांच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पण अल्बममधले सर्वांत खोल गाणे ‘थीव्ज इन द नाइट’ हे आहे. टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या पहिल्या कादंबरीच्या शेवटच्या भागावरून त्याचे धृपद घेतलेले आहे. त्या कादंबरीतली पेकोला ही काळी मुलगी निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना करते. तिला आपला चेहरा मालकाच्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून तो कुरूप दिसतो. कादंबरीच्या शेवटी निवेदक मुलगी केवळ गोऱ्यांना दोष देऊन थांबत नाही. त्या मुलीला तुडवून आपणच कसे स्वतःला स्वच्छ आणि सभ्य समजत होतो, हे ती सांगते. दोन रॅपरांनी नेमकी ही जागा उचलली. सभ्यता आणि भलेपणा यांत फरक आहे, बळ आणि आक्रमकपणा यांत फरक आहे, हे त्यांनी आपल्याच माणसांना सुनावले.

येथे मला आपल्यातल्या शिकलेल्या वर्गाचा विचार येतो. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. नोकरी लागली, शहरात घर झाले, आणि भाषा धुऊन घेतली. वस्तीतले नाव, वस्तीतला उच्चार, वस्तीतली माणसे यांचा संकोच वाटू लागणे हा एक निळ्या डोळ्यांचाच आजार आहे. ब्राह्मणी व्यवस्थेने तो लावला हे खरे, पण तो पोसतो आपण. क्वेली हा प्राध्यापिकेचा मुलगा. त्याला वस्तीपासून दूर जाण्याची वाट मोकळी होती. त्याने आपली विद्या वस्तीच्या भाषेत परत आणली. शिकलेल्या माणसाच्या बांधिलकीची याहून साधी कसोटी मला माहीत नाही.

अल्बमच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘ब्राउन स्किन लेडी’ या गाण्यात सावळ्या स्त्रीचे कौतुक आहे, गोरेपणाच्या मापाला नकार आहे. पण ती स्त्री स्वतः बोलत नाही, तिच्याविषयी बोलले जाते. अल्बममध्ये जेन डो ही एक स्त्री रॅपर येते, तीही पाच जणांच्या एका गाण्यात. विद्रोहाच्या वाङ्मयात स्त्रीने कौतुकाचा विषय होऊन राहायचे, हा दोष काळ्यांच्या चळवळीतही आहे आणि आपल्याही. दुसरी मर्यादा मालकीची आहे. हा अल्बम काढणारी ‘रॉकस रेकॉर्ड्स’ ही कंपनी स्वतंत्र म्हणून गाजली. पण तिच्यामागे पाठबळ होते ते वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डॉक यांचा मुलगा जेम्स मर्डॉक याचे. काळ्या माणसांच्या मालकीच्या जहाजाचे नाव घेऊन निघालेला अल्बम दुसऱ्याच्याच जहाजातून बाजारात आला. २९ सप्टेंबर १९९८ या एकाच दिवशी जे-झी, आउटकास्ट आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट यांचेही अल्बम आले. विक्रीत जे-झी पहिला आला. ‘ब्लॅक स्टार’ जोडीचा दुसरा अल्बम यायला २०२२ साल उजाडले, आणि तोही प्रथम एका कंपनीच्या वर्गणीदारांपुरताच मिळत होता.

तरीही त्या नावाने काम केले. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या चार पोलिसांनी आमादू दियालो या निःशस्त्र आफ्रिकी तरुणावर त्याच्या घराच्या दारातच एक्केचाळीस गोळ्या झाडल्या. फेब्रुवारी २००० मध्ये ते चौघे निर्दोष सुटले. त्याच वर्षी मोस डेफ आणि क्वेली यांनी अनेक रॅपरांना एकत्र आणून पोलिसी अत्याचाराविरुद्ध ‘हिप हॉप फॉर रिस्पेक्ट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. पाच डॉलरच्या कागदामागची मूळ प्रेरणा, सर्वांनी थोडे थोडे घालून एक वस्तू उभी करायची ही प्रेरणा, येथे पुन्हा दिसते.

अमेरिकेतल्या काळ्यांशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती १९६६ च्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आज चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ आणि ओडिशाचा सुमीत सामोस यांनी रॅपमध्ये जातीचा प्रश्न मांडला आहे. म्हणजे देवाणघेवाण चालू आहे. पण आजवर आपण त्यांच्याकडून बहुधा लढ्याची नावे घेतली. ‘ब्लॅक स्टार’कडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: हरलेल्या प्रयत्नाला आपले म्हणण्याचे धैर्य.

आगबोटीच्या काळातच, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. १९२३ मध्ये ते बंद पडले. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये निघाले, १९२९ मध्ये थांबले. या पत्रांतले बाबासाहेबांचे अग्रलेख आपण वाचतो, शताब्दी साजरी करतो. पण वर्गणी कोणी भरली, कोणाची थकली, अंक गावात कोण वाचून दाखवी, ते का बंद पडले, हा हिशेब आपल्या इतिहासात फार थोडा आला आहे. बाबासाहेबांच्या नावाशी जोडलेला दादरच्या आंबेडकर भवनातला छापखाना जून २०१६ मध्ये इमारतीसकट पाडला गेला. मोर्चे निघाले, आणि ते निघालेच पाहिजेत. पण त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसांच्या आठवणी त्याआधी किती जणांनी टिपून ठेवल्या होत्या? बंद पडलेली वसतिगृहे, मोडलेल्या सहकारी संस्था, दोन अंकांत संपलेली मासिके, फुटलेली जलसा मंडळे यांचा इतिहास आपण लाजेने लिहीत नाही. फूट कोणामुळे पडली याचे भांडण मात्र तोंडपाठ असते. आणि जो इतिहास आपण लिहीत नाही तो सरकारी दप्तरात दुसऱ्याने लिहिलेला असतोच. गार्वेच्या बाबतीत तो फिर्यादी पक्षाने लिहिला होता.

माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणूनच एक काम सांगतो, आणि या नियतकालिकाच्या वाचकांनाही तेच सांगावेसे वाटते. आपल्या तालुक्यातली एक बंद पडलेली संस्था शोधा. तिची पावतीपुस्तके, हस्तलिखित इतिवृत्ते, जुन्या निमंत्रणपत्रिका कोणाच्या ट्रंकेत असतील तर त्यांची नक्कल करून घ्या. ज्यांनी वर्गणी दिली त्या म्हाताऱ्या बायांना विचारा की का दिली, आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. चुका कोणाच्या, हेही लिहा, झाकू नका. नाव पुढच्यांनी घ्यायचे की नाही ते पुढचे ठरवतील. ते नाव त्यांच्यापर्यंत पोचवणे हे आपले काम आहे, आणि ज्यांच्या ट्रंकेत ते कागद आहेत ती माणसे आता फार दिवसांची सोबती नाहीत.